उद्यावर ढकलण्याची किंमत

पाम पायलटबद्दल सांगितली जाणारी सगळ्यात लाडकी गोष्ट लाकडाच्या ठोकळ्याची आहे. जेफ हॉकिन्स नावाच्या इंजिनिअरने शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा एक तुकडा कापला, त्यावर स्क्रीनचं चित्र छापलेला कागद लावला, चॉपस्टिकची लेखणी केली आणि हे सगळं खिशात घेऊन तो कित्येक दिवस हिंडला. मीटिंगमध्ये कुणी वेळ मागितली की हा खिशातून लाकूड काढणार, त्यावर काडी टेकवणार आणि आपण खरोखरच काहीतरी बघतोय असा चेहरा करणार. आजही डिझाइनबद्दल बोलताना ही गोष्ट हमखास निघते. वस्तू बनवण्याआधी ती वापरून बघा, हा तिचा धडा.

गोष्ट चांगलीच आहे. फक्त लाकडाच्या ठोकळ्याला ठरावीकच प्रश्न विचारता येतात. तो खिशात टोचतो का? बाहेर काढायला किती वेळ लागतो? दिवसातून किती वेळा काढावासा वाटतो? या प्रश्नांची उत्तरं हॉकिन्सला त्या ठोकळ्याने फार प्रामाणिकपणे दिली. पण आज लिहिलेलं काम आज झालं नाही तर उद्या त्याचं काय होणार, हे लाकूड सांगू शकत नाही, कारण त्यावर काही लिहिलेलंच नसतं. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. कागदी प्लॅनर सोडून माणसं हातातल्या यंत्राकडे गेली तेव्हा न झालेल्या कामांचं नेमकं काय झालं?

आपल्यापैकी बहुतेकांनी पायलट हातात धरलेला नसेल. मार्च १९९६मध्ये तो अमेरिकेत बाजारात आला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. दोन मॉडेल्स होती, पायलट १००० आणि पायलट ५०००. स्वस्तातलं २९९ डॉलरला, मेमरी १२८ केबी. आज आपण 'गुड मॉर्निंग'चा जो फोटो न बघता डिलीट करतो, त्यातही ती मेमरी पुरली नसती. स्क्रीन १६० बाय १६० ठिपक्यांची, कृष्णधवल. रिमोटमध्ये घालतो तसले दोन बारीक सेल त्याला कित्येक आठवडे पुरायचे. खाली चार बटणं होती : तारखा, पत्ते, कामं, टिपणं. बास. २०२२ साली इंटरनेट अर्काइव्हने पामच्या जुन्या सॉफ्टवेअरचा मोठा संग्रह ब्राउझरमध्ये चालेल असा करून ठेवला, त्यामुळे ही समीक्षा ऐकीव नाही. तुम्हीही हा लेख वाचता वाचता त्याच फोनवर एक पाम उघडून बघू शकता. मी गेले काही आठवडे माझ्या रोजच्या कामांची यादी त्यातच ठेवतोय, आणि शेजारी एक कागदी वहीसुद्धा.

पहिली गोष्ट सांगायलाच हवी : यंत्र अप्रतिम आहे. बटण दाबलं की स्क्रीन लागते, कुठलंही चक्र फिरत नाही. 'सेव्ह' नावाचं बटण कुठेच नाही. लिहिलं की लिहिलं गेलं, कागदावर होतं तसं. फाइल नाही, फोल्डर नाही. रॉब हैतानी हा त्याचा इंटरफेस घडवणारा माणूस एकेका कामाला किती टिचक्या लागतात ते मोजत असे, आणि रोजची कामं एका टिचकीत व्हायला हवीत यावर अडून बसत असे. आपला प्रतिस्पर्धी दुसरा कॉम्प्युटर नसून कागद आहे, हे हॉकिन्सचं निदान होतं. १९९३मध्ये कॅसिओ आणि टँडीबरोबर काढलेलं झूमर नावाचं यंत्र सपाटून आपटल्यावर त्याला ते सुचलं. लोकांना खिशात छोटा कॉम्प्युटर नकोय, त्यांना डायरी हवीय. नव्वदच्या दशकात हे ओळखणं सोपं नव्हतं.

पण कागद म्हणजे काय, हे त्याने अर्धंच ओळखलं असं माझं म्हणणं आहे.

कागदी प्लॅनरची वंशावळ थोडी बघू, कारण गंमत म्हणजे तीही एका इंजिनिअरपासूनच सुरू होते. फिलाडेल्फियातल्या जे. सी. पार्करने १९१०च्या सुमारास 'लेफॅक्स' नावाची सुट्या पानांची वही काढली. इंजिनिअरला लागणारी कोष्टकं, सूत्रं एका जाड ग्रंथात बांधून न ठेवता हवी तेवढीच पानं कड्यांमध्ये अडकवून बरोबर न्यायची, अशी कल्पना. ती अटलांटिक ओलांडून लंडनला गेली. तिथे १९२१मध्ये नॉर्मन अँड हिल ही कंपनी निघाली आणि तिच्या मालाला नाव पडलं फिलोफॅक्स. पुढची साठेक वर्षं सैनिक, पाद्री, डॉक्टर अशी मंडळी ती निमूटपणे वापरत होती. मग ऐंशीच्या दशकात अचानक ती लंडनमधल्या शेअरबाजारी तरुणांच्या हातातला दागिना झाली. याच दशकात अमेरिकेत, युटा राज्यात, हायरम स्मिथने फ्रँकलिन प्लॅनर आणला. नाव बेंजामिन फ्रँकलिनवरून. फ्रँकलिनने स्वतःसाठी तेरा सद्गुणांची यादी केली होती आणि एका छोट्या वहीत आठवड्याचे सात रकाने आखून, ज्या दिवशी ज्या गुणात चूक झाली तिथे काळा ठिपका देण्याची पद्धत ठेवली होती. १९९७मध्ये ही कंपनी आणि स्टीफन कव्हीची कंपनी एकत्र आल्या. हो, तेच कव्ही, ज्यांच्या सात सवयी आपल्याकडच्या फुटपाथवरच्या प्रत्येक पुस्तकवाल्याकडे असतात.

फिलोफॅक्स ही मुळात कपाट आहे, तिच्यात काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. फ्रँकलिन प्लॅनर मात्र मास्तर आहे. रोजची दोन पानं. डाव्या पानावर त्या दिवसाची कामं, प्रत्येकापुढे ए, बी किंवा सी आणि त्यापुढे आकडा. ए-१ झाल्याशिवाय ए-२ला हात लावायचा नाही. आणि कामाच्या शेजारी एक बारीक चौकोन, ज्यात दिवसअखेर खूण करायची. झालं असेल तर बरोबरची खूण. सोडून दिलं असेल तर फुली. सुरू असेल तर ठिपका. आणि पुढच्या कुठल्यातरी दिवसावर ढकललं असेल तर बाण.

हा बाण मला या सगळ्या पद्धतीतला सर्वांत महत्त्वाचा शोध वाटतो. कारण बाण काढून भागत नाही. बाण काढला की पानं उलटून त्या पुढच्या दिवसावर जायचं आणि तेच काम पुन्हा हाताने लिहायचं. 'दातांच्या डॉक्टरांना फोन.' मंगळवारी लिहिलं, झालं नाही, बाण. बुधवारी पुन्हा लिहिलं, बाण. गुरुवारी तिसऱ्यांदा लिहिताना पेन अडखळतं. इथे माणूस स्वतःला काहीतरी विचारतो. हे मला खरंच करायचंय का? की मी घाबरतोय? की हे काम माझं नाहीच, दुसऱ्या कुणीतरी माझ्या यादीत टाकलंय? उत्तर काहीही येवो, चौथ्यांदा लिहिण्यापेक्षा बरेचदा फोन करणं किंवा फुली मारणं सोपं पडतं. लिहिण्याचा कंटाळा हीच या पद्धतीतली मोटर आहे. आणि दुसरं असं की मंगळवार, बुधवार, गुरुवार या तिन्ही पानांवर ते बाण तसेच राहतात. महिन्याने वही चाळली की दिसतं, हा फोन मी सहा दिवस टाळला. वही काही बोलत नाही. पण लपवतही नाही.

आता हेच काम पायलटमध्ये टाकू. 'न्यू'वर टिचकी, नाव लिहिलं, झालं. शेजारी एक ते पाचपैकी प्राधान्याचा आकडा. तारीख द्यायची सक्ती नाही. न दिल्यास 'नो डेट'. द्यायचीच असेल तर एक छोटी यादी उघडते : आज, उद्या, एका आठवड्याने, तारीख नको, तारीख निवडा. मंगळवारी काम झालं नाही. बुधवारी यंत्र उघडलं तर ते तिथेच आहे. गुरुवारीही. कुणाला काही लिहावं लागलं नाही, पान उलटावं लागलं नाही, कारण यादीला पानंच नाहीत. तारीख उलटून गेली असेल तर शेजारी एक उद्गारचिन्ह दिसतं. ते नकोसं झालं तर तारखेवर टिचकी, 'एका आठवड्याने', की उद्गारचिन्ह गायब. दोन टिचक्या. हैतानी खूश झाला असता.

इथे मी जरा धंद्यातलं बोलतो. पामने आपल्या मूळ ॲप्सचा सोर्स कोड डेव्हलपर्सना नमुना म्हणून वाचायला दिला होता, त्यामुळे कामांच्या यादीतलं एक काम मेमरीत कसं साठवलं जायचं ते स्पष्ट दिसतं. चार गोष्टी : मुदतीची तारीख, प्राधान्य, वर्णन आणि जोडलेलं टिपण. 'झालं की नाही' ही खूणसुद्धा प्राधान्याच्याच बाइटमधला एक बिट वाचवून त्यात कोंबलेली. १२८ केबीत संसार करायचा तर हा काटकसरीपणा कौतुकास्पद आहे, असा कोड आता कुणी लिहीत नाही. पण त्या चारांत काय नाही ते बघा. हे काम पहिल्यांदा कधी लिहिलं, त्याची नोंद नाही. मुदत किती वेळा पुढे ढकलली, त्याचीही नाही. नवी तारीख जुन्या तारखेच्या जागी बसते आणि जुनी जगातून जाते. त्यापुढची कडी म्हणजे एक सेटिंग आहे, 'पूर्ण झाल्याची तारीख नोंदवा'. ते चालू केलं की काम झाल्यावर त्या दिवसाची तारीख कुठे लिहिली जाते? मुदतीच्याच जागी. म्हणजे काम केव्हा करीन म्हणालो होतो ते पुसून, केव्हा केलं ते लिहायचं. कागदावर असं करायला खाडाखोड करावी लागली असती.

माझा आक्षेप हा आहे. पायलटने कागदाचा वेग फार बारकाईने उचलला. कागद चटकन उघडतो, चटकन लिहून घेतो, बॅटरी मागत नाही. हे सगळं त्याने जवळजवळ जमवलं. पण कागदाचा जो संथपणा होता तो त्याने दोष समजून काढून टाकला. पुन्हा लिहावं लागणं म्हणजे फुकटचे कष्ट आणि कॉम्प्युटर तर फुकटचे कष्ट वाचवण्यासाठीच असतो, असा तो विचार असावा. कुठल्याही इंजिनिअरने हेच केलं असतं. मीही केलं असतं. कुठल्याही कोड रिव्ह्यूमध्ये 'वापरणाऱ्याला तेच काम रोज नव्याने टाइप करायला लावा' असं कुणी सुचवलं तर त्याला वेड्यात काढतील.

कागदाच्या बाजूने बोलताना भाबडं होण्यात अर्थ नाही. कागद हरवतो, भिजतो आणि एकच असतो. फिलोफॅक्सच्याच इतिहासात याचा सर्वांत चांगला पुरावा आहे. १९४०मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात नॉर्मन अँड हिलची जागा नष्ट झाली, कागदपत्रांसकट. कंपनी तिथेच संपायची, पण ग्रेस स्कर नावाच्या सेक्रेटरीने ग्राहकांची आणि पुरवठादारांची नावं-पत्ते आपल्या स्वतःच्या फिलोफॅक्समध्ये उतरवून ठेवले होते आणि ती वही तिच्यापाशी होती. तेवढ्यावर धंदा पुन्हा उभा राहिला, आणि पुढे ग्रेस स्कर त्या कंपनीची प्रमुख झाली. फिलोफॅक्सवाले ही गोष्ट वहीचं माहात्म्य म्हणून सांगतात. मला ती नकलेची गोष्ट वाटते. दोन ठिकाणी लिहिलेलं होतं म्हणून वाचलं.

पायलटचा खुंटीसारखा स्टँड, ज्यावर यंत्र ठेवून एकच बटण दाबायचं, तो या बाबतीत कागदाच्या फार पुढे होता. हॉटसिंक. बटण दाबलं की घरच्या कॉम्प्युटरवर सगळ्याची प्रत. सेल काढल्यावर मिनिटभरात दुसरे घातले नाहीत तर पायलटची मेमरी कोरी होण्याचा धोका असायचा, पण स्टँडवर ठेवला की सगळं परत. ज्याची वही एकदा टॅक्सीत राहिली आहे त्याला कागदाची बाजू पटवायला जाऊ नये.

अक्षराचा प्रश्न वेगळा. ॲपलच्या न्यूटनने १९९३मध्ये तुमचं हस्ताक्षर तुमच्याच पद्धतीने वाचण्याचं आश्वासन दिलं आणि ते इतकं चुकीचं वाचलं की 'डून्सबरी' या चित्रपट्टीने त्याची टर उडवली. हॉकिन्सने उलटा डाव टाकला. यंत्राने माणसाचं अक्षर शिकायचं नाही, माणसाने यंत्राचं शिकायचं. ग्राफिटी नावाची ही लिपी एकेका रेषेची : ए म्हणजे आडवी दांडी नसलेलं, उलटं व्ही. टी म्हणजे उजवीकडे जाऊन खाली उतरणारी एक रेघ. (झेरॉक्सने ही आमची कल्पना म्हणून १९९७मध्ये दावा ठोकला. कोर्टबाजी लांबली आणि २००३मध्ये ग्राफिटीची जागा दुसऱ्या लिपीने घेतली.) मी ती दोन दिवसांत शिकलो. बोटाने गिरवताना मजा येते. फक्त एक गोष्ट हळूहळू जाणवते. सगळी अक्षरं एकाच चौकोनात, एकावर एक लिहायची. ए लिहिलं, त्याच जागी बी. हात लिहितो पण हाताचा माग कुठेच उरत नाही, वर स्क्रीनवर छापील टंक उमटतो. घाईत लिहिलेलं आणि निवांत लिहिलेलं सारखंच दिसतं. चिडून तीनदा अधोरेखित केलेलं काम कागदावर ओळखू येतं, इथे त्यासाठी एक ते पाच आकडे.

आणि अर्थात ही अक्षरं रोमन. नव्वदच्या दशकात आपल्याकडे पामपेक्षा कॅसिओच्या डिजिटल डायऱ्या जास्त दिसायच्या. छोटे कीबोर्ड, मिचमिची स्क्रीन, आखातातून आलेल्या काकांनी आणलेल्या. दोन्हींत मराठी लिहायची सोय नव्हती. हा मुद्दा भाषाभिमानाचा म्हणून मी काढत नाहीये. रोजनिशी हा मराठी माणसाने मराठीत करण्याचा शेवटचा मोठा व्यवहार होता असं मला वाटतं. ऑफिसात इंग्रजी फाइली हाताळणारी माणसंही, विमा कंपनीने दिलेल्या डायरीत 'दळण', 'सीएकडे कागद', 'आत्याचं ऑपरेशन' हे देवनागरीतच लिहायची. यंत्रात ते 'dalan' होतं, रोमन अक्षरांत, किंवा सरळ 'फ्लोअर मिल'. (हा रोमन शब्द मी इथे मुद्दाम तसाच ठेवणार होतो, मग पुन्हा वाचला आणि नको वाटला. 'डलन' म्हणू या, तो वाचतानाही तसाच होतो.) आज फोनमध्ये देवनागरी कीबोर्ड आहे. तरी आपल्या किती जणांच्या रिमाइंडरमध्ये मराठी आहे? सवय तिथेच मोडली.

पुनरावृत्तीचंही तसंच. पायलटला 'दर वर्षी' सांगता येतं, 'दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी'ही सांगता येतं. आजोबांचं श्राद्ध सांगता येत नाही, कारण ते तिथीने. कागदी डायरीवाला जानेवारीत कालनिर्णय समोर घेऊन बसायचा आणि वर्षाचे दिवस एकेक करून उतरवून काढायचा. यंत्राने हे वार्षिक बसणं अनावश्यक केलं. आणि ज्या गोष्टी त्या बसण्यातच व्हायच्या, त्या राहून गेल्या.

त्यातली एक म्हणजे पत्त्यांची पानं. नव्या डायरीत जुन्या डायरीतले फोन नंबर उतरवणं हे ज्यांनी केलंय ते सांगतील की ती नुसती नक्कल नसते. ही मैत्रीण दोन वर्षांत भेटली नाही, उतरवू की नको? हा मित्र आता नाही. त्याचं नाव नव्या वहीत जात नाही, जुन्यात राहतं, आणि जुनी वही माळ्यावर जाते. एक अघोषित निरोप होतो. पायलटची ॲड्रेस बुक संपत नाही. आपल्या फोनचीही नाही. यंत्र बदललं तरी एका बटणात सगळे नंबर नव्यात येतात, गेलेल्या माणसांसकट. माझ्या फोनमध्ये असे तीन नंबर आहेत. ते मी पुसत नाही, कारण पुसणं ही वेगळी, जड कृती आहे. डायरीत फक्त न उतरवणं पुरायचं.

पायलटचं पुढे काय झालं ते थोडक्यात. नावावरून पेन बनवणाऱ्या पायलट कंपनीशी वाद झाला आणि 'पायलट' शब्द गेला, नुसतं पाम राहिलं. २ मार्च २००० रोजी शेअर बाजारात नोंद झाली तेव्हा कागदावर पामची किंमत जनरल मोटर्सपेक्षाही जास्त दाखवत होती. त्या फुग्याचं जे व्हायचं ते झालं, आणि २०१०मध्ये एचपीने कंपनी विकत घेतली. फ्रँकलिन कव्हीनेही मध्यंतरी आपली पद्धत पामवर चालेल असं सॉफ्टवेअर विकून पाहिलं. पाम गेला. पण त्याची यादी गेली नाही. आपल्या फोनमधलं कुठलंही रिमाइंडर उघडा : न झालेलं काम आपोआप आजवर येऊन बसतं, लाल होतं, 'उद्या'वर एक टिचकी की पुन्हा शांत. ते उद्गारचिन्हच आहे, रंग बदललेलं.

आणि हे फक्त वैयक्तिक याद्यांचं नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना दर दोन आठवड्यांनी हा प्रसंग बघायला मिळतो. स्प्रिंट संपतो, उरलेली तिकिटं निवडायची, 'पुढच्या स्प्रिंटमध्ये हलवा', एक क्लिक, चाळीस तिकिटं गेली. त्यातलं एखादं तिकीट दीड वर्षं असं सरकत असतं. कुणाच्याही हाताला ते पुन्हा लिहावं लागलेलं नसतं, म्हणून हे आपण कधीच करणार नाही असं म्हणायची वेळ कुणावरच आलेली नसते. ज्याने ते मूळ मागितलं तो ग्राहक मात्र वाट बघत असतो, कारण त्याला अजूनही 'ओपन' दिसतंय. मुदत पाळली नाही याचा मला एवढा राग येत नाही. नाही म्हणण्याची जागाच यंत्रातून काढून टाकली, याचा येतो.

बाण परत आणायचे प्रयत्न झाले आहेत. २०१३मध्ये रायडर कॅरल या डिजिटल डिझाइन करणाऱ्या माणसानेच बुलेट जर्नल नावाची कागदी पद्धत मांडली. तिच्या केंद्रस्थानी महिन्याच्या शेवटी उरलेली कामं हाताने पुढच्या महिन्यात उतरवणं आहे, आणि उतरवायचा कंटाळा आला तर ते काम तेवढ्या लायकीचं नव्हतं असं समजायचं. फ्रँकलिनवाल्यांचा बाण नव्या पॅकिंगमध्ये, असं कुणी म्हणेल. असेल. पण तो परत एका स्क्रीनवाल्या माणसाकडूनच यावा, हे मला लक्षणीय वाटतं. (इन्स्टाग्रामवर त्या वह्यांची जी वॉटरकलर प्रदर्शनं भरतात त्यांचा आणि या विचाराचा संबंध फारसा उरलेला नाही.) सॉफ्टवेअरमध्ये मला एकच ठळक उदाहरण दिसतं. मायक्रोसॉफ्ट टू डूमधली 'माय डे' ही यादी रोज रात्री रिकामी होते. कालची उरलेली कामं हरवत नाहीत, सूचना म्हणून बाजूला उभी राहतात, पण आजच्या पानावर आणायची तर एकेक करून हाताने आणावी लागतात. माझ्या ओळखीतल्या अनेकांना हे सदोष वाटतं. 'काल टाकलेलं आज दिसतच नाही,' ते तक्रार करतात.

पामकडे परत येतो, कारण त्याच्यात शेवटची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मेमरी तुटपुंजी, म्हणून तारखांच्या ॲपमध्ये 'पर्ज' नावाची आज्ञा आहे. ती विचारते, किती जुन्या नोंदी काढून टाकू? पर्याय चार : एक आठवडा, दोन आठवडे, तीन आठवडे, एक महिना. महिन्यापेक्षा जास्त मागे वळून बघण्याची गरज कुणाला असेल, असं त्या यादीत गृहीतच धरलेलं नाही. खाली एक चौकट आहे, 'पीसीवर प्रत ठेवा'. मी ती खूण केली आणि 'ओके' दाबलं. ब्राउझरमधल्या माझ्या पामला कुठला पीसीच जोडलेला नव्हता. नोंदी गेल्या, यादी स्वच्छ झाली, आणि यंत्र पुढच्या नोंदीची वाट बघत आजच्या तारखेवर येऊन थांबलं. वहीतलं त्या आठवड्याचं पान अजून आहे, दोन बरोबरच्या खुणा, एक फुली आणि चार बाण.